त्याच्यापुढे कोण उभे राहणार?

२९ एप्रिल २०२१ च्या रात्री आमच्या घरात दोघेच जण ओरडले, मी आणि माझा अकरा वर्षांचा मुलगा. अमेरिकन फुटबॉलमधल्या आमच्या सिनसिनाटी बेंगल्सने ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पाचव्या क्रमांकावर जमार चेसचे नाव पुकारले तेव्हा चिरंजीव सोफ्यावरून उडी मारून थेट गालिच्यावर आले, आणि शेजाऱ्यांची मुले झोपली असतील याचे भान मलाही राहिले नाही. आई कोपऱ्यातल्या खुर्चीत मांडीवर परात घेऊन मेथी निवडत बसली होती. २०२० च्या फेब्रुवारीत ती तीन महिन्यांसाठी सांगलीहून आली, टाळेबंदीत अडकली, आणि एव्हाना तिला आमच्याकडे सव्वा वर्ष होत आले होते. "काय झालं रे एवढं?" तिने देठ खुडता खुडता विचारले. मी उत्साहाने सांगितले की आपल्या ज्यो बरोचा, पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकचा, कॉलेजमधला जोडीदार आपल्या संघात आला, आता दोघे मिळून धमाल उडवणार. आईने पडद्याकडे पाहिले. तिथे नेमके बरोचे जुने चित्रण चालू होते, गुडघ्याला हात लावून गवतावर पडलेला. ती म्हणाली, "या पोराचा गुडघा गेलाय ना? मग त्याच्यापुढं उभं राहणारं कुणी आणायचं सोडून हा पळणारा कशाला आणलात?"

"आणलात" हे क्रियापद तिने अशा सुरात वापरले की जणू मीच संघाचा मालक. मुलगा हसला, मीही हसलो, आणि "आजी, तुला नाही कळायचं" या पालुपदावर तो विषय संपला. मध्ये एक निवड झाली आणि सातव्या क्रमांकावर डेट्रॉइट लायन्सने पेनाय सूएलला घेतले. ओरेगन विद्यापीठाचा हा टॅकल, म्हणजे फळीत उभा राहून क्वार्टरबॅकला वाचवणारा, पडद्यावर आला तसा पडदा लहान वाटू लागला. आई परात बाजूला ठेवून नीट बघत राहिली आणि म्हणाली, "हे घ्यायचं होतं. भिंत आहे नुसती." मग ती मेथी धुवायला आत गेली.

ते वाक्य त्या रात्री मी झटकून टाकले. आज साडेचार वर्षे झाली, ते काही जात नाही.

आईला हा खेळ कळत नव्हता असे म्हणणे तितकेसे खरे नाही. तिला नियम कळत नव्हते. आदल्या वर्षीच्या त्या विचित्र हिवाळ्यात दर रविवारी दुपारी आम्ही तिघे टीव्हीसमोर असायचो आणि रिकाम्या स्टेडियममधून येणारे ध्वनिमुद्रित गोंगाट ऐकायचो. त्यामुळे २२ नोव्हेंबर २०२० रोजी वॉशिंग्टनविरुद्ध बरोचा डावा पाय दोन अंगांच्या कचाट्यात सापडून नको त्या बाजूला वळला, तो क्षण तिनेही पाहिला होता. समालोचक पुन:प्रक्षेपण दाखवायला कचरत होते. आईने डोळ्यांवर पदर घेतला आणि "अगंबाई" एवढेच म्हणाली. त्या पहिल्या मोसमात बरो दहा सामने खेळला आणि बत्तीस वेळा सॅक झाला, म्हणजे पास टाकण्याआधीच पाडला गेला. आईने ते आकडे ऐकले नव्हते, पण दर रविवारी तो पोरगा किती वेळा जमिनीवरून उठतो हे ती मोजत असावी, कारण एकदा भाकरी थापता थापता ती आपणहून म्हणाली होती, "चेंडू टाकल्यावरबी पाडतात रे त्याला. हे कसलं?"

त्या वसंतात सगळ्या सिनसिनाटीत हा एकच वाद होता. ऑफिसच्या ऑनलाइन बैठका सुरू होण्याआधीची पाच मिनिटे, किराणा दुकानातली रांग, आमच्या मराठी मंडळींचा व्हॉट्सॲप गट, जिथे जावे तिथे चेस की सूएल. दोन्ही बाजूंचे म्हणणे बिनचूक होते, म्हणूनच तो संपत नव्हता. सूएलवाले म्हणत, पाचजणांची फळीच नसेल तर मागचा माणूस कुणाला पास देणार? चेसवाले म्हणत, चांगला रिसीव्हर, म्हणजे पळत जाऊन पास झेलणारा, दोन सेकंदांत मोकळा झाला तर फळीला तिसरा सेकंद तग धरावाच लागत नाही. शिवाय फळी ही सर्वांत कच्च्या दुव्याइतकीच पक्की असते, एक सूएल आणून बाकीचे चार कसे सुधारणार? आणि सर्वांत वजनदार मुद्दा आठवणींचा होता. २०१९ च्या मोसमात लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून या दोघांनी पंधरापैकी पंधरा सामने जिंकले होते; बरोने गुण मिळवून देणारे साठ टचडाऊन पास टाकले आणि त्यातले वीस चेसने घेतले. चेस नेमका कुठल्या पावलावर वळणार हे बरोला न बघता ठाऊक होते. असे विकत मिळत नाही. मी चेसवाला होतो हे सांगायला नकोच. बरोचा कौल कुणीकडे आहे हेही कुणापासून लपलेले नव्हते, आणि माझ्यासारख्यांना तेवढा पुरावा पुरेसा होता. ज्याच्याभोवती संघ उभारायचा, त्यालाच विचारावे, यात चुकते कुठे?

इथे मला माझ्या शाळेचे मैदान आठवते. सांगलीजवळच्या आमच्या शाळेच्या कबड्डी संघात मी डावा कोपरा सांभाळायचो. आमच्याकडे चढाईला जाणारा असा एकच मुलगा होता. सडपातळ, लांब पायांचा, आणि वळताना कंबरेतून असा लवायचा की पकडणाऱ्याच्या हातात फक्त हवा यायची. सरांनी सगळा संघ त्याच्याभोवती बांधला होता. सरावाचा पहिला पाऊण तास त्याच्या चढाया चालायच्या आणि आम्ही सहाजण त्याला सराव मिळावा म्हणून पकडीला उभे राहायचो. तो बाद होऊन बाहेर बसला की आमचे काम एकच, समोरच्याची पकड करून त्याला लवकरात लवकर आत आणायचे. माझ्या गुडघ्यांची आणि कोपरांची सालटी निघालेली असायची. आई रात्री हळद आणि तेल गरम करून लावायची. तालुक्याच्या सामन्यात आम्ही जिंकलो की दुसऱ्या दिवशी फळ्यावर त्याचे नाव असायचे. आईने एकदा विचारले होते, "तुझं नाव कुठं लिहितात?" मी म्हणालो, कोपऱ्याचे नाव लिहीत नाहीत. मला त्याचे वाईट वाटत नव्हते, असे मी इतकी वर्षे समजत आलो आहे.

आणि मग जिल्ह्याच्या सामन्यात समोरच्यांनी आमचे गणित ओळखले. त्यांनी पहिल्या मिनिटात त्याला पकडले आणि नंतर चढाईला आमच्या अंगणात कुणी जवळ येऊन फिरकेना. मध्यरेषेजवळ नुसता वेळ काढून परत जायचे. पकडायला माणूस मिळेना, म्हणून आमचा मोहरा बाहेरच बसून राहिला. सर ओरडले, "कुणीतरी चढाईला जा!" आमच्यापैकी कुणालाच नीट चढाई येत नव्हती. मी गेलो. तीन पावलांत माझा घोटा कुणीतरी धरला आणि मी तोंडावर मातीत पडलो. त्या मातीची खारट चव मला अजून आठवते, आणि रेषेबाहेर गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसलेला तो मुलगाही. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता; आपल्याभोवती एवढे बांधून ठेवलेले सगळे आपल्यावाचून कसे निरुपयोगी झाले आहे, हे तो प्रथमच बघत होता असे वाटले.

तरीही मी चेसच्या नावावर ओरडलो. मीच, जो जन्मभर कोपऱ्यात उभा राहिलो होतो.

आई ऑगस्टच्या अखेरीस परतली. त्याआधीच्या सराव सामन्यांत चेसच्या हातून सोपे पास सुटत होते आणि गावात कुजबुज सुरू झाली होती. त्याने कारणही सांगितले, आणि ते मला फार आवडले: कॉलेजच्या चेंडूवर पांढरे पट्टे असतात, इथल्या चेंडूवर नसतात, त्यामुळे तो येताना नीट दिसत नाही. लोकांनी त्याची थट्टा केली. मला मात्र त्या कारणात एक कारागीर दिसला, ज्याला आपल्या हत्याराचा नेमका फरक सांगता येतो. आईला विमानतळावर सोडायला जाताना मी हे सांगितले. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "दिसंल त्याला. त्याचं नको सांगूस. दुसऱ्याचं काय केलंत?"

दुसऱ्याचे काय केले हे बघायला मी १० ऑक्टोबरला स्टेडियममध्ये गेलो. तिकिटे मैदानाच्या टोकाला असलेल्या एंड झोनच्या मागची होती, समोर ग्रीन बे पॅकर्स. मनाशी ठरवले होते की एक संपूर्ण क्वार्टर, म्हणजे पाव सामना, चेंडूकडे बघायचेच नाही. फक्त डावीकडचा टॅकल, त्र्याहत्तर क्रमांकाचा जोना विल्यम्स. हे वाटते त्यापेक्षा अवघड आहे. डोळा आपोआप चेंडूमागे धावतो, जशी पंगतीत नजर वाढप्याच्या हातातल्या भांड्यामागे जाते. घरच्या संघाकडे चेंडू असताना इथले प्रेक्षक मुद्दाम गप्प होतात, त्यामुळे चेंडू हलला की पाचजणांच्या अंगावरची कवचे समोरच्यांवर आदळल्याचा आवाज वर येतो, ओल्या पोत्यावर पोते टाकल्यासारखा. विल्यम्स मागे सरकायचा. पळायचा नाही, सरकायचा. डावे पाऊल जमिनीला घासत मागे, उजवे त्याच्यामागून, कंबर खाली, हात छातीशी. बाहेरून वळसा घालून येणाऱ्याच्या छातीवर तो तळवे ठेवायचा आणि त्याला बरोपासून हातभर दूरच्या वर्तुळातून पुढे जाऊ द्यायचा. ज्या खेळीत त्याचे काम उत्तम व्हायचे, त्या खेळीत त्याच्या बाजूला काहीच घडायचे नाही. तो मग वळून बघायचा. चेंडू कुठे गेला हे त्याला लोकांच्या आवाजावरूनच कळत असावे.

अर्थात ठरवलेले मी पाळू शकलो नाही. दुसऱ्या क्वार्टरच्या शेवटी बरोने लांब पास टाकला आणि चेसने सत्तर यार्डांचा टचडाऊन केला तेव्हा मी इतरांसारखाच उभा राहिलो, अनोळखी माणसाच्या गळ्यात हात टाकला आणि विल्यम्सने त्या खेळीत काय केले हे मला आजही सांगता येणार नाही. सामना पुढे किक हुकवण्याच्या एका लाजिरवाण्या शर्यतीनंतर जादा वेळेत २५-२२ असा हातचा गेला. बरोला त्या दिवशी गळ्याला मार लागला होता आणि सामन्यानंतर त्याला तपासणीसाठी रुग्णालयात नेले, हे घरी आल्यावर समजले. मी ते आईला फोनवर सांगितले नाही.

पुढे जे झाले ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून भरभर सांगतो. चेसने पदार्पणाच्या मोसमात १,४५५ यार्ड आणि तेरा टचडाऊन केले. बरो त्याच मोसमात एक्कावन्न वेळा सॅक झाला, लीगमध्ये सर्वाधिक. एकतीस वर्षांनी या गावाने प्लेऑफमधला, म्हणजे बाद फेरीतला, विजय पाहिला. नंतर टेनेसीत बरोला एकाच सामन्यात नऊ वेळा पाडले, आणि तरी तो सामना १९-१६ असा आपणच जिंकलो. ती रात्र मला आजही नीट पचलेली नाही. नवव्यांदा तो उठला तेव्हा आम्ही त्याचे कौतुक करत होतो. किती चिवट आहे, किती थंड डोक्याचा आहे, असे आमच्या गटावर संदेशावर संदेश येत होते. एखाद्या घरातली सून सगळे निमूट सोसते म्हणून तिला नावाजणाऱ्या लोकांसारखे आम्ही बोलत होतो, हे त्या वेळी कुणाच्याच लक्षात आले नाही.

आणि १३ फेब्रुवारी २०२२ ची ती शेवटची खेळी. सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, समोरच्या रॅम्सकडे २३-२० अशी आघाडी, पाऊण मिनिटाच्या आत वेळ शिल्लक, चौथा डाउन म्हणजे शेवटची संधी, आणि फक्त एक यार्ड हवे. रॅम्सचा आरॉन डोनाल्ड फळीतून आरपार आला, त्याने बरोला कंबरेला धरून गरकन फिरवले, आणि पडता पडता बरोने चेंडू कसाबसा भिरकावला. तो कुणाच्याच हाती लागला नाही. त्या सामन्यातल्या सात सॅकमध्ये ही खेळी मोजलीही जात नाही. नंतर मैदानाच्या वरून घेतलेले चित्रण आले. त्यात दूर कडेला जमार चेस धावतो आहे, त्याच्यावरचा जेलन रॅम्झी तोल जाऊन मागे पडला आहे आणि चेससमोर एंड झोनपर्यंत मोकळे गवत आहे. ज्याला आणले होते तो नेमका जिथे असायला हवा तिथे होता. एखादा सेकंद हवा होता, आणि तो सेकंद देणारा माणूस नव्हता.

मी ते चित्रण किती वेळा पाहिले असेल कोण जाणे. प्रत्येक वेळी दोन्ही बाजू जिंकतात.

त्यानंतरच्या वर्षांत संघाने फळीवर खर्च केला नाही असे कुणी म्हणू नये. २०२२ मध्ये तीन नवे लाइनमन आणले, आणि पहिल्या दोन सामन्यांतच बरो तेरा वेळा सॅक झाला. २०२३ मध्ये ऑरलँडो ब्राउनला चार वर्षांसाठी सहा कोटी चाळीस लाख डॉलर देऊन डावीकडे उभे केले, २०२४ च्या ड्राफ्टमधली पहिली निवड अमेरियस मिम्स नावाच्या अगडबंब टॅकलवर खर्च केली. पण भिंत ही नंतर बांधायची गोष्ट नसावी. माणसे एकमेकांशेजारी उभी राहायला वेळ लागतो, डाव्याचा खांदा कधी हलणार हे मधल्याला पाठीने कळावे लागते. शिवाय "भोवती बांधणे" म्हणजे काय, याचा अर्थच हळूहळू बदलत गेला. आक्रमणाची रचना बरोला रुचेल तशी होत गेली. त्याला शॉटगन नावाच्या रचनेत मागे उभे राहून सगळे मैदान डोळ्यांखाली घालायला आवडते. पाचही रिसीव्हर पसरलेले असावेत, मागे मदतीला कुणी नसले तरी चालेल. प्रशिक्षक झॅक टेलर यांनी ते मान्य केले आणि त्यातून अतिशय देखणा खेळ उभा राहिला. पण पाचजण बाहेर पसरले की फळीत पाचच उरतात, आणि समोरून सहा आले तर सहाव्याला आडवायला बरोच्या स्वत:च्या चपळाईखेरीज दुसरे काही नसते. तो हे जाणतो. जाणूनबुजून तो तेच मागतो.

यात मला त्याचा दोष दिसत नाही. ज्याला चढाईला जाता येते त्याला कधीच आपण पकडले जाऊ असे वाटत नाही. तसे वाटले तर तो जाणारच नाही. मध्यभागी उभ्या राहिलेल्या माणसाला तुला काय हवे असे विचारले तर तो जोडीदार मागेल, मोकळे मैदान मागेल. भिंत मागणार नाही, कारण भिंत मागणे म्हणजे आपण मोडू शकतो हे कबूल करणे. ती मागणी दुसऱ्या कुणीतरी करायची असते, आणि त्याचे मन थोडे मोडूनही करायची असते. आमच्या सरांनी त्या मुलाला कधी म्हटले नाही की आज चढाई नको, आज तू पकडीला उभा राहा आणि दुसऱ्याला जाऊ दे.

मग पैशांचे गणित येते. क्वार्टरबॅक पहिल्या करारावर असेपर्यंत स्वस्त असतो, तेवढ्या चार-पाच वर्षांत आजूबाजूचे सगळे उभे करून घ्यायचे असते. नंतर सॅलरी कॅपचा, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेचा, मोठा घास तोच घेतो आणि बाकीच्या जागा ड्राफ्टमधल्या कोवळ्या, स्वस्त मुलांनी भराव्या लागतात. म्हणूनच मग एक निवड चुकली तरी ती दुप्पट महाग पडते. बरोचा २०२३ चा करार पाच वर्षांसाठी साडेसत्तावीस कोटी डॉलरचा झाला. २०२५ च्या मार्चमध्ये चेसला चार वर्षांसाठी सोळा कोटी दहा लाख आणि दुसरा रिसीव्हर टी हिगिन्सला साडेअकरा कोटी मिळाले. दोघांनाही राखावे म्हणून बरोने उघडपणे आग्रह धरला होता. त्याआधीचा मोसम आठवा: त्रेचाळीस टचडाऊन पास, ४,९१८ यार्ड, चेस झेल, यार्ड आणि टचडाऊन तिन्हींत लीगमध्ये पहिला, आणि संघ नऊ विजय, आठ पराभव घेऊन प्लेऑफबाहेर. बचाव करणाऱ्यांसाठी घरात काही उरलेच नव्हते. मी तरीही मार्चमधल्या त्या बातमीने खूश झालो. मुलगा आता माझ्या खांद्याच्या वर गेला आहे. त्याने फक्त अंगठा वर केल्याचे चिन्ह पाठवले, आणि गालिच्यावर उडी मारणारे आता घरात कुणी नाही याची मला उगाचच चुटपुट लागली.

१४ सप्टेंबर २०२५ रोजी, मोसमातल्या दुसऱ्याच सामन्यात, सॅक होताना बरोच्या पायाच्या अंगठ्याला दुखापत झाली. शस्त्रक्रिया करावी लागणार हे कळले त्या आठवड्यात माझा सांगलीला फोन झाला. आईची दृष्टी आता अधू झाली आहे, पण आवाज तसाच आहे. मागे प्रेशर कुकरची शिट्टी ऐकू येत होती. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर तिने विचारले, "ते वाघाच्या पट्ट्याचं पोरगं बरं आहे का?" मी अंगठ्याचे सांगितले. ती थोडा वेळ काही बोलली नाही. गुडघा, मग २०२३ मध्ये मनगट, आता अंगठा, असे ती मनात मोजत असावी असे मला वाटले, पण ती दुसरेच काही आठवत होती.

"आणि ती भिंत रे? तिला कुणी नेलं होतं?"

"डेट्रॉइटने, आई. लीगमधल्या सर्वांत चांगल्या टॅकलांत धरतात आता त्याला."

"नाव लिहितात का त्याचं?"

मी म्हणालो, हो, लिहितात. ती "बरं" म्हणाली, आणि कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून फोन ठेवून आत गेली.